तिसरा आकडा

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसले आणि शिक्षकांच्या चुका लिहिल्या. शिक्षक-प्रशिक्षक हे माझं पद. पाठीमागे सगळे मला ‘लाल शाई’ म्हणायचे. ते मला माहीत होतं, पण मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी मी दोन गोष्टी बजावायची. जे दिसलं ते लिहा, दिसायला हवं होतं ते लिहू नका. आणि कुठलाही फॉर्म हातात आला की आधी सगळा वाचा, मग सही करा.

आणि मीच दुसरं पान न वाचता सही केली. म्हातारपणी अक्कल कुठे चरायला जाते कोण जाणे!

त्याचं झालं असं. वैद्यकीय महाविद्यालयातून एक मुलगी आली. तिचा पीएच.डी.चा अभ्यास होता एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्यांवर. दारं-खिडक्यांच्या फटी बुजवल्या आणि घर उबदार राहिलं, तर विजेचं बिल उतरतंच, पण माणसाचा रक्तदाबही उतरतो का, हे तिला बघायचं होतं. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही, खिडक्या खिळखिळ्या. मी तिच्या अभ्यासात अगदी फिट्ट बसले. दोन माणसं आली, रबराच्या पट्ट्या ठोकून गेली, आणि घर उबदार झालं. झालं ते चांगलंच झालं, पण खरं सांगते, त्या पहिल्या दिवशी मला रडू आलं. आधी निदान खिडकी शीळ तरी घालायची. आता तीही गप्प.

कपाटावर तिने एक पांढरी डबी ठेवली. डबीवर तीन आकडे. पहिला तापमानाचा, दुसरा हवेतल्या ओलाव्याचा. तिसरा साडेसहाशेच्या आसपास घुटमळायचा. तो मला बॅटरीचा वाटायचा. ती मुलगी आली की तो चढायचा, तेव्हा माझी खात्रीच पटली की ही येताना काहीतरी चार्जिंगचं घेऊन येते. विचारलं का? छे! तीस वर्षं दुसऱ्यांना प्रश्न विचारणारीला प्रश्न विचारायला लाज वाटते.

दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी, बरोबर अकरा वाजता ती यायची. रक्तदाब तीनदा मोजायचा, मध्ये पाच-पाच मिनिटं शांत बसायचं, असा तिचा नियम. मग भिंतीला हात लावून बघ, पट्टी सुटली का बघ, वजन घे, असं करत तास-दीड तास जायचा. मी तिचं नाव मापाडी ठेवलं. ती हसली आणि म्हणाली, “बाई, घरी आई मला याहून वाईट हाक मारते.”

पट्ट्या, डबी, रक्तदाब, इथपर्यंत सगळं ठीक. घोळ झाला तो वहीचा. तिने एक निळी वही दिली होती. घरी कोण आलं, किती वेळ बसलं, ते रोज लिहायचं. माणसं आली की घर तापतं, दार उघडतं, आणि माणसं येण्या-न येण्यानेही रक्तदाब हलतो, म्हणून ते हवं. वर बारीक अक्षरात सूचना: अभ्यासातली माणसं धरू नयेत.

पहिल्या दोन आठवड्यांची पानं मी कोरीच ठेवली. खरंच तर होतं ते. तिने पान उलटलं, अजून एक उलटलं, आणि हळूच म्हणाली, “बाई, इथे कुणीच...?”

तिचा तो आवाज! कुणी माझ्यावर चिडलेलं मला चालतं, कुणी कीव केलेली अंगाला आगीसारखी लागते.

“अगं, लिहायचं राहून गेलं,” मी म्हटलं. “आण इकडे.” आणि तिच्यासमोर धडाधड लिहून काढलं. शेजारीण, अर्धा तास. जुनी विद्यार्थिनी, एक तास. धाकटी बहीण, रविवारी, तीन तास.

हातात पेन आणि खोटं! पण एकदा लिहिलं की पुढचं सोपं जातं. सहा महिन्यांत माझ्या घरी वहीतल्या वहीत बावन्न वेळा माणसं येऊन गेली. त्यात बहीण दर रविवारी. शेजारीण आणि विद्यार्थिनी मी नुसतं काहीतरी लिहायचं म्हणून लिहायची. बहिणीचं तसं नव्हतं. तिचं लिहिताना मला बरं वाटायचं. एका रविवारी तर मी दोघींपुरता स्वयंपाक केला, दोन ताटं घेतली, आणि मग भानावर येऊन एक ताट परत मांडणीवर ठेवलं. पुढच्या रविवारीही केला. तेच अन्न बुधवारपर्यंत खात बसायचे.

खरं बोलायचं तर माझी ती बहीण या घरात सहा वर्षांत आलेली नाही. माझा नवरा गेला तेव्हा दारापर्यंत आली आणि तिथूनच गेली. बसने चार थांबे लांब राहते. तीही शिक्षिका. तिच्या बढतीच्या वेळी वर्ग तपासायला नेमकी मी गेले. तिची सासू दवाखान्यात होती, ही तीन रात्री जागलेली. वर्गात तिने गणित अर्ध्यावर सोडलं, मुलं बोंबलत होती, तिला त्याचं भान नव्हतं. मी लिहिलं: तयारी नाही. वर्गावर पकड नाही. पुन्हा प्रशिक्षण आवश्यक. जे दिसलं ते लिहिलं. सासूचं मला माहीत होतं, पण ते वर्गात दिसलं नव्हतं ना! मुख्याध्यापिका दुसरीच कुणी झाली.

परवाचा गुरुवार शेवटचा. मापाडी आली, पट्टा गुंडाळला, तीनदा मोजलं. तिन्हींची सरासरी चांगली आली. रक्तदाब खरंच उतरला होता. तरी ती खूश दिसेना. पिशवीतून एक लांब कागद काढून तिने टेबलावर पसरला. त्यावर एक निळी रेघ, डोंगरासारखी वर-खाली जाणारी.

“बाई, हे तिसऱ्या आकड्याचं आहे.”

“बॅटरीचं?”

ती गोंधळली. “बॅटरी? नाही हो. कार्बन डायऑक्साइड. माणूस श्वास सोडतो ना, तो बंद घरात साठतो. एक माणूस असला की रेघ खाली, दोन असली की तासाभरात वर चढते. फटी बुजवल्यावर घर गुदमरत नाही ना, हे बघायला लावलं होतं. संमतीपत्राच्या दुसऱ्या पानावर आहे.”

 मला सगळं एकदम कळलं, पण ती बोलेपर्यंत मी काहीच कळलं नाही असं तोंड करून बसले.

“सहा महिन्यांत,” ती कागदाकडे बघत म्हणाली, “असे चढ बाराच आहेत. सगळे गुरुवारचे. अकरा ते साडेबारा.”

“म्हणजे तुझे.”

“माझे.”

“आणि रविवारी? रविवारी पण वर गेलीये की रेघ,” मी बोट ठेवलं. लाज म्हणून काही उरली नव्हती.

“बाई, ती टोकदार आहे. एकदम वर, एकदम खाली. गॅसची शेगडी पेटली की तशी येते.” ती थांबली. “माणसाचा चढ सावकाश असतो.”

 मग तिने वही स्वतःकडे ओढली.

“माझ्या गाईडना वही आणि रेघ जुळवून दाखवावी लागते. नाही जुळली तर तुमचं घर अभ्यासातून बाद. पण मी असं करते, वही गहाळ झाली म्हणून लिहिते. कुणाला कळणार नाही.”

“खोटं लिहिणार तू?” मी ओरडलेच. “स्वतःच्या अभ्यासात? उद्या कुणी त्यावरून औषधं ठरवेल, घरं बांधेल! अक्कल गहाण टाकलीस का?”

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

 चार महिन्यांवर पदवी आलेली ही पोर, माझी लाज झाकायला स्वतःची वर्षं पणाला लावायला निघाली होती. कोण लागत होते मी तिची? आणि सख्ख्या बहिणीसाठी मला एक ओळ लिहिता आली नव्हती: घरी आजारपण आहे, पुन्हा एकदा वर्ग पाहावा. ते खोटं नव्हतं. ते सुद्धा खरंच होतं.

मी उठले, पेन आणलं. लालच होतं, दुसरं घरात नाही. शेजारीण खोडली. विद्यार्थिनी खोडली. रविवार सगळ्यात शेवटी, एकेक करून खोडले. शेवटी एकूण भेटींच्या चौकटीत शून्य काढलं आणि खाली सही केली.

“तुझ्या बारा भेटी धरता आल्या असत्या तर बरं झालं असतं,” मी म्हटलं.

“नियमात नाही, बाई.”

“माहितेय मला. सूचना वाचलीये ती.”

जाताना ती म्हणाली की डबी आणि वही सोमवारी एक माणूस येऊन घेऊन जाईल. तोवर डबी चालू राहू दे. आणि दारात वाकून माझ्या पायाला हात लावून गेली. मोजमाप संपलेलं असताना.

दुपारी मी बहिणीला फोन लावला. नंबर पाठ होता.

“मी बोलतेय. तुझ्या अहवालात एक ओळ राहिली होती लिहायची.”

पलीकडून, “सहा वर्षांनी आठवण झाली होय तुला?”

“रविवारी येतेस?”

“मुळीच नाही,” ती म्हणाली आणि फोन आपटला.

रविवारी मी शेगडी पेटवली नाही. आदल्या दिवशीचंच खाल्लं, आणि खुर्ची कपाटासमोर ओढून बसले. सहाशे चाळीस. सहाशे पन्नास. एका माणसाचा आकडा. चार वाजता बेल वाजली.

दारात ती. केस पांढरे झालेले, पर्स छातीशी धरलेली.

“येणार नाही हे तोंडावर सांगायला आलेय,” ती म्हणाली आणि आत येऊन बसली.

मग जी सुरू झाली! सासूचे शेवटचे दिवस, हातची गेलेली खुर्ची, मी लहानपणी फाडलेली तिची वही, सगळं निघालं. मीही काही कमी नाही, दोनदा उलट बोलले. मग ती ओळ सांगितली, जी लिहायला हवी होती. ऐकून ती पर्सचा पट्टा पिळत बसली.

“माझ्याकडे बघायचं सोडून त्या डबीकडे काय बघतेस सारखी?” ती शेवटी म्हणाली.

“तुझी नोंद होतेय.”

“अजून सोडल्या नाहीस का गं नोंदी!” ती म्हणाली, आणि हसू आलं ते तिने दाबलं. चहा नको म्हणाली. पाचला दहा कमी असताना उठली. पुन्हा येईन म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

ती गेली तेव्हा तिसरा आकडा एक हजार चाळीस होता. सवयीने मी खिडकीकडे गेले, दिवेलागणीआधी जरा हवा यावी म्हणून. कडीला हात लावला आणि थांबले. सहा वाजता नऊशे सत्तर होता. सात वाजता आठशे नव्वद. पट्ट्या चांगल्या बसल्या होत्या. आतलं काही लवकर बाहेर जात नव्हतं. मी वहीत ‘धाकटी बहीण, पन्नास मिनिटं’ असं लिहिलं, शून्य खोडून एक केला, आणि आकडा खाली येईपर्यंत खिडकी उघडली नाही.