भाकरी पडायच्या आधी

"लाजू नका आप्पा," डायरेक्टर साहेब कोंडिबाला समजावत होते. "अन्नाला पाय लावायचा म्हणजे तुम्हाला जड जाणार. पण सीनच तसा आहे. कालवणात मीठ जास्त झालंय. तुम्ही बायकोवर चिडता आणि ताट लाथाडता."

"जमंल," कोंडिबा म्हणाला.

केंदूरला त्याच्याच पडवीत शूटिंग चाललं होतं. ठरलेला नट आजारी पडला, म्हणून साहेबांनी कोंडिबाचं पागोटं आणि पांढऱ्या मिशा पाहून त्यालाच ताटावर बसवलं होतं. बायको म्हणून त्याची खरी बायको, धुरपदा, चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिनं गरम भाकरी वाढायची आणि परत जागेवर बसायचं, एवढंच काम. भाकरीची वाफ पडद्यावर दिसायला हवी होती आणि ती मिनिटभरही टिकत नव्हती.

"आजी, भाकरी वाढल्यावर अजिबात हलायचं नाही," साहेबांनी तिला दोनदा बजावलं.

कॅमेरा सुरू झाला. धुरपदानं भाकरी वाढली आणि चुलीकडं तोंड करून बसली. मागून कोंडिबाच्या चावण्याचा आवाज येत होता. दोन घास झाले. तिसऱ्याला आवाज थांबला.

धुरपदा उठली.

मग ताट उडालं. वाटी खांबावर आपटली, भाकरी कणगीच्या बुडाशी गेली. ती पडली तेव्हा धुरपदा तिथं वाकलेली होती. तिनं भाकरी उचलली, फुंकली, पदरात घेतली आणि वाटीकडं वळली. तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं.

"चुकलं साहेब," ती म्हणाली. "हलले मी."

"हेच राहू दे," साहेब म्हणाले. "आप्पा, एका टेकमध्ये! कुठं शिकलात?"

"त्यात काय शिकायचं," कोंडिबा मिशांवरून हात फिरवत म्हणाला. पडवीभर टाळ्या झाल्या. दारात उभी असलेली त्यांची सून हर्षदासुद्धा टाळ्या वाजवत होती.

हर्षदाला या घरात येऊन दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत कोंडिबानं ताट उडवलं नव्हतं. त्याआधीचं धुरपदानं मोजलं नव्हतं. मेंढरांमागं फिरायचे तेव्हा तर उघड्या रानात बघायला कुणी नसायचंच. सुनेपुढं म्हातारा लाजतो, तेव्हा हे आता असंच मिटेल, कुणाला कळणार नाही, अशी तिची समजूत होती.

आठ महिन्यांनी सिनेमा शिरूरच्या थेटरात लागला. दोन टेम्पो भरून गाव गेलं. ताट उडालं तशा शिट्ट्या झाल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, लई भारी!" हर्षदा मात्र पडद्यावरच्या सासूकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी पीठ मळताना तिनं विषय काढला. "आत्या, मामांनी पाय उचलायच्या आधीच तुमी उठलाव."

"डायरेक्टरनी सांगितलं हुतं."

"हलू नका म्हणले हुते. मी तिथंच हुते की."

धुरपदा भाकरी थापत राहिली.

"कवापासनं, आत्या?"

"तू यायच्या लई आधी."

"ह्यांना ठावं हाय?"

ह्यांना म्हणजे पप्पूला, धुरपदाच्या मुलाला. तो सणसवाडीच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्टला गेला होता.

"ल्हान हुता तवा त्योबी येचू लागायचा," धुरपदा म्हणाली. "तवा बघ, करपंल."

चैत्रात गावची यात्रा होती. कुस्त्यांच्या आधी कोंडिबाचा सत्कार करायचं कमिटीनं ठरवलं. कमिटीचा गोकुळ घरी निरोप घेऊन आला. "आप्पा, नुसता नारळ देऊन पब्लिक ऐकायचं न्हाई. त्यो सीन करून दावा. काकू बी पायजेत."

"मला न्हाई जमायचं," धुरपदा म्हणाली.

"शूटिंगला जमलं नव्हं?" कोंडिबा म्हणाला. "गप चल. समद्यांना सांगून बसलोय."

भर दुपारी स्टेजवर घोंगडी अंथरली. कोंडिबा नवं पागोटं घालून बसला. हर्षदानं घरून फडक्यात बांधून आणलेल्या दोन भाकऱ्या धुरपदानं ताटात वाढल्या. आता तिनं पाठ करून बसायचं होतं.

ती त्याच्या समोर बसली. वरची भाकरी उचलून तिनं मोडली, तुकडा कालवणात बुडवला आणि खाल्ला. लग्न झाल्यापासून तो जेवून उठल्याशिवाय तिनं तोंडात घास घातला नव्हता.

खाली कुणीतरी हसलं. गोकुळ माइकवरून म्हणाला, "काकू, सीन तसा न्हाई."

ती चावत होती. दुसरा तुकडा तिनं सावकाश मोडला.

"उठ," कोंडिबा दातांतून म्हणाला. "लोकं बघत्यात."

"बघू द्या की," धुरपदा म्हणाली.

त्यानं ताट लाथाडलं. उरलेली भाकरी स्टेजच्या कडेला जाऊन पडली, कालवण धुरपदाच्या लुगड्यावर उडालं. शिट्ट्या, टाळ्या झाल्या. मग हळूहळू त्या थांबल्या, कारण सगळ्यांना पुढचं माहीत होतं आणि ते होत नव्हतं. पप्पू पुढच्या रांगेत होता. तो अर्धवट उठला. हर्षदानं त्याच्या शर्टाला धरून त्याला खाली बसवलं.

कोंडिबा बायकोकडं बघत होता. गोकुळच्या हातातला माइक घरघरत होता. धुरपदा घोंगडीवर बसून हातातली भाकरी कोरडीच खात होती.