पथारीवरचं गिऱ्हाईक

नंदुरबारच्या बाजारात हीरालाल जैनांचं कापडाचं दुकान आहे आणि त्या दुकानाला वारस एकच, त्यांची लेक प्रियल. या वारसाला दुकान नको होतं, सिनेमा हवा होता. हीरालालना हे खोकल्यासारखं वाटायचं, हवा बदलली की जाईल. हवा बरेचदा बदलली, प्रियल काही बदलली नाही.

उलट तिनं मिरचीच्या पथारीवर राबणाऱ्या बायकांवर अर्ध्या तासाचा एक सिनेमा केला, तोही अहिराणीत आणि उसन्या कॅमेऱ्यावर. पथारी म्हणजे गावाबाहेरची मोकळी रानं, जिथं हंगामात ओली लाल मिरची वाळत घालतात आणि बायका दिवसभर ती खालीवर करत असतात. पुण्याच्या एका महोत्सवात या सिनेमाला बक्षीस मिळालं. मोबाईलवरून तो खानदेशभर फिरला, फक्त हीरालालच्या मोबाईलवर थांबला नाही. "दुकान सोडीसन कव्हय दखू?" दुकान सोडून बघू कधी, असं त्यांचं म्हणणं. बापलेक घरात मारवाडी बोलत, पण भांडण मात्र अहिराणीत करत, कारण भांडायला सवड दुकानातच मिळायची आणि दुकानाची बोली अहिराणी.

बक्षिसाची बातमी वाचून एका कॅमेऱ्याच्या कंपनीचा फोन आला. त्यांचा नवा, भारीतला कॅमेरा बाजारात यायचा होता आणि जाहिरातीसाठी त्यांना लहान गावातली दिग्दर्शिका हवी होती. तिनं महिनाभर कॅमेरा वापरायचा आणि मग त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचे. जाहिरात पसंत पडली तर कॅमेरा तिचा, नाहीतर तो परत मुंबईला. प्रियलला याच हंगामात आपला पहिला मोठा सिनेमा करायचा होता, आणि कॅमेऱ्यावाचून सगळं अडलं होतं.

हीरालालनी ऐकून घेतलं आणि सौदा ठरवला. "कॅमेरा तुन्हा व्हयना तं हाऊ हंगाम बी तुन्हा. नही व्हयना तं संक्रांतपाशीन गल्लावर बठनं. कायमनं."

"चालस," प्रियल म्हणाली. बोलून बसली, आणि मग संक्रांतीला किती दिवस उरले ते बोटांवर मोजू लागली.

कॅमेरा आला आणि प्रियल त्याच्या प्रेमातच पडली. उसन्या कॅमेऱ्यात मिरचीचा ढीग म्हणजे नुसता लाल चिखल दिसायचा, एका मिरचीची दुसरीला ओळख नाही. या कॅमेऱ्यात मिरची न् मिरची वेगळी दिसे, तिच्यावरची सुरकुतीसुद्धा. ती रोज पथारीवर जायची, ठसकत शूटिंग करायची आणि डोळे पुसत घरी यायची. आईला वाटायचं, पोरीला कुणी काही बोललं की काय.

मग जाहिरातीच्या शूटिंगचा दिवस उजाडला. मुंबईहून उमाकांत नावाचा जाहिरातीचा दिग्दर्शक आपली माणसं घेऊन आला. उमाकांत सज्जन होता, पण मिरचीला सज्जन-दुर्जन कळत नाही. पथारीवर पाऊल ठेवल्यापासून सगळी मुंबई शिंकत होती. पलीकडे मिरची उलथणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

प्रियलनं कॅमेरा छातीशी धरून म्हणायचं वाक्य कंपनीनं लिहून पाठवलं होतं. 'हा कॅमेरा हाती येण्याआधी मी आंधळी होते. यानं मला माझी माणसं दाखवली.'

ती ते म्हणाली. पुन्हा म्हणाली. शाळेत पाहुण्यांसमोर स्वागतगीत म्हणणाऱ्या पोरीसारखी ती ताठ उभी होती आणि प्रत्येक वेळी जास्तच ताठ होत होती. याच माणसांवर तिनं या कॅमेऱ्याशिवाय सिनेमा केला होता. आंधळी कधी होती ती? पण कॅमेरा हवा होता, म्हणून ती जीव तोडून खोटं बोलायचा प्रयत्न करत होती आणि तिला ते जमत नव्हतं.

"मॅडम, जरा मनापासून," उमाकांत नाक पुसत म्हणाला. मग बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "संध्याकाळी कंपनीच्या बाईंना दाखवायचंय. जमलं नाही तर त्यांच्या यादीत कोल्हापूरकडच्या खेड्यातली एक दिग्दर्शिका आहे. मी तुम्हाला घाबरवत नाहीये, पण खरं ते सांगतो."

प्रियल घाबरली. डोळ्यांपुढे दुकानातला गल्ला उभा राहिला.

तेवढ्यात हीरालालची स्कूटर आली, दोन्ही बाजूंना डबे लटकलेले. मुंबईची माणसं आपल्या गावात येऊन हॉटेलात जेवणार, हे त्यांना खपणारं नव्हतं. तेवढ्यापुरतं दुकानाचं शटर ओढून ते आले होते. डबे ठेवून जायचं सोडून ते कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. प्रियलचं वाक्य पुन्हा सुरू झालं. आंधळी होते, वगैरे. हीरालालच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या.

"हाई कोनी लिखेल शे?" त्यांनी विचारलं.

"कंपनीनी. तुम्ही जा ना पप्पा."

"इतलं गोड बोलनारापासून मी रुमाल बी लेत नही." त्यांना खरोखर अपमान वाटला होता. "हीरालालनी पोर शे तू. तुले माल इकाले येत नही?"

"माल नही शे हाऊ!"

"मंग काय शे? देव शे?"

प्रियलला पथारीनं पोटात घ्यावं असं झालं. उमाकांत मध्ये पडणार, तोच हीरालाल चार पावलं मागं गेले, टोपी नीट केली आणि दुकानाची पायरी चढणाऱ्या गिऱ्हाइकासारखे इकडंतिकडं बघत पुढं आले. "ओ ताई," ते लेकीला म्हणाले, "हाऊ कॅमेरा चांगला शे का?"

आता हीरालालच्या दुकानाची एक रीत आहे. साडी उलगडली की आधी तिची खोड सांगायची. पहिल्या धुण्याला रंग उतरेल, काठ जरा टोचेल, उन्हात वाळवू नका, असं काहीतरी. गिऱ्हाईक त्यावर विचार करतं, आणि मग साडीचं कौतुक सांगितलं की ते खरं मानतं. या रीतीचा हीरालालना इतका अभिमान, की जणू दुनियेत ती त्यांनीच शोधली. प्रियल लहानपणापासून तेच ऐकत आलेली. रागानं ती लाल झाली होती, पण गिऱ्हाइकानं विचारलं आणि तिचा दुकानातला आवाज आपोआप सुरू झाला.

"चांगला शे. पन आधी सांगी देस, भलता जड शे. दिनभर हातमा धरा तं दुसरा दिन खांदा वर व्हत नही. अन् उन्हमा तापस. सावलीमा ठेवना पडस."

"मंग काबरं लेऊ मी?" गिऱ्हाईक चिवट होतं.

"नका लेऊ ना! घरनं लगीन, बारसं काढनं व्हई तं मोबाईल बराच शे. इतला पैसा काबरं घालतस?"

"मंग तू काबरं लेस?"

प्रियल बापाचा हात धरून त्यांना मिरचीच्या ढिगाकडे घेऊन गेली, कॅमेरा तिथल्या बाईच्या हातांवर रोखला आणि मागचा पडदा बापाकडे वळवला. "दखा. मन्हा पहिला कॅमेरामा हाऊ ढीग लाल चादर दिसे. यानामा देठ दिसस. या मावशीना नखमा अडकेल बी दिसस. पहिला सिनेमामा बी तठेच व्हतं ते, माले दिसे, पन दखनाराले दिसे नही. आते दिसी. म्हनीसन माले हाऊ पाहिजे."

हीरालालनी चष्मा काढला, उपरण्याला पुसला, पुन्हा लावला आणि पडद्यावर वाकले. बाईची बोटं मिरची उलथत होती. नखातलं पिवळं बी दिसत होतं, बोटाला पडलेली चीर दिसत होती. या बोटांनी त्यांच्या दुकानातली कितीतरी कापडं चाचपून पाहिली होती, पण त्यांनी ती कधी अशी पाहिली नव्हती. लेकीचा अभिमान वाटला त्यांना. इतका उशिरा वाटला, म्हणून स्वतःचा थोडा रागही आला.

"दे बांधीसन," ते म्हणाले.

बायका खदखदून हसल्या. उमाकांतनं 'कट' म्हटलंच नव्हतं. सगळा वेळ त्याचा कॅमेरा चालू होता आणि त्या नादात तो शिंकायलाही विसरला होता. "मॅडम," तो म्हणाला, "मला यातलं निम्मंच कळलं, पण मी हेच पाठवतो."

उन्हं कलली तेव्हा कंपनीच्या बाई फोनच्या पडद्यावर आल्या. त्यांना सगळं आवडलं होतं, काका तर फारच. फक्त जड आहे आणि तापतो, ही दोन वाक्यं काढायची. आमच्याच जाहिरातीत आमच्याच मालाला नावं कशी ठेवायची? ती काढली की झालं, कॅमेरा तुमचा.

एक हो म्हणायचं होतं. प्रियलच्या ओठांवर ते आलंही होतं. तिनं बापाकडे पाहिलं. हीरालाल मुद्दाम दुसरीकडे बघत होते. सौदा जिचा, तिनं करावा, अशी त्यांची समजूत.

"मॅडम," प्रियल सावकाश म्हणाली, "माझ्या शब्दावर धुळ्याची, शहाद्याची पोरं कर्ज काढून हा घेतील. पहिल्या दिवशी खांदा दुखला की म्हणतील, प्रियलनं फसवलं. मला याच लोकांत सिनेमा करायचाय. तापतो हे काढा. आमच्या उन्हात माणूसही तापतो, सावली काय ती ज्याची तो शोधेल. पण जड आहे हे राहू द्या. ते राहिलं तर बाकीचं खरं वाटेल."

पलीकडे शांतता झाली. प्रियलला वाटलं, घालवला आपण कॅमेरा. आणखी काहीतरी बोलून बाईंना पटवावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तर फोनमागून हीरालाल ओठांवर बोट ठेवून डोळे वटारत होते. भाव सांगितल्यावर दुकानदारानं गप्प बसायचं असतं. ती गप्प बसली.

बाई हसल्या. "ठीक आहे. जड राहू द्या. आणि त्या नखांचा शॉट अजिबात कापू नका."

उमाकांतनं प्रियलचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि मग दिवसातली सगळ्यात मोठी शिंक दिली.

बापलेक स्कूटरवरून परत आले. कॅमेऱ्याची पिशवी प्रियलनं मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. दुपारपासून दुकानाचं शटर खालीच होतं, आणि शेजारचे दुकानदार हीरालालकडे काळजीनं बघत होते. हीरालालनी किल्ली काढली, कुलपाला लावली आणि मागं न वळताच विचारलं, "आते सांग. काय शे तुन्हा सिनेमामा?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. प्रियल पिशवी छातीशी धरून बोलू लागली. "एक बाई शे. डोंगर मायथून पथारीवर कामले येस. हंगाम सरना की एक कापडना दुकानमा जास. दरसाल एकच साडी उलगडाले लावस, तिनावर हात फिरावस, अन् तशीच चालनी जास. निळी साडी. मंग एक साल ती येतच नही."

हीरालालची किल्ली कुलपात थांबली.

"निळी नही," ते म्हणाले. "मोरपंखी."

प्रियल त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. लहानपणी दुकानातल्या गादीवर बसून तिनं त्या बाईला पाहिलं होतं. तिला वाटलं होतं, बापाच्या ती कधी ध्यानातही आली नसेल.

"मन्हा सिनेमामा तो दुकानदार साडी लिसन तिले शोधाले जास," ती हळू म्हणाली. "पन पुढे काय ते माले सुचत नही. तठेच अडकेल शे मी."

हीरालालनी किल्ली कुलपातून काढून खिशात टाकली. उपरण्यानं पायरी झटकली आणि तिच्यावर बसले. शेजारी हात मारून लेकीला जागा दाखवली.

"मी गयथू," ते म्हणाले. "तू लहानी व्हती. दुकान बंद करीसन डोंगरमा अक्कलकुवाले गयथू. तुन्ही मायले बी सांगेल नही."

"मंग?" प्रियलनं विचारलं. "भेटनी ती?"

"भेटनी ना," हीरालाल म्हणाले. "ऐक."