अडुसष्ट हात चुना

मैत्री वाचनालय वारसा यादीत घालायचं की रस्ता रुंदीकरणात पाडायचं, हे ठरवायला साहेब येणार म्हणताच प्रशांतने आतल्या तीन भिंती खरवडून त्यांवर झकास पुट्टी फिरवली. चौथी वाचली, कारण तिला खुर्ची टेकून त्याची आत्या रंभाबाई बसली होती. आणि रंभाबाईला उठवायची कल्याण पूर्वेत कोणाची टाप नव्हती.

वाचनालय रेल्वे यार्डातल्या कामगारांनी उभं केलेलं. दरवर्षी एप्रिलातल्या जयंतीच्या आधीच्या रविवारी त्याला चुन्याचा एक हात मारायचा, हा रिवाज. चाळीस वर्षं त्या रविवारचा कारभार रंभाबाईकडे. कोणी किती बादल्या उचलल्या, कोणाला कुंचला बघताच टिटवाळ्याचा मेव्हणा आठवला, सगळं तिला तोंडपाठ. आजही रविवारच होता. दारात पिंपभर चुना विझून निवला होता.

साहेब म्हणजे केदार नावाचा पस्तिशीचा, चष्मेवाला माणूस निघाला. पुट्टी बघून त्याने कपाळ धरलं.

"इमारत जुनी आहे, हे कशावरून?"

"सर, सत्तर वर्षं झाली ना!" प्रशांत म्हणाला.

"कागद?"

"ते पुरात गेले सगळे."

"मग ह्या कोऱ्या भिंती बघून मी लिहू काय? परवा बांधलीय?"

प्रशांतचा चेहरा पुट्टीच्या रंगावर गेला.

"अरे शहाण्या, पाहुण्यांपुढे आजोबाला मुंडावळ्या बांधून बसवलंस तू," रंभाबाई म्हणाली आणि खुर्ची ओढून उठली. "साहेब, ही भिंत बघा. दरसाल चुन्याचा एक हात, आणि हिला कोणी खरवडलेलं नाही."

केदारने बारीक पातं काढलं. तळहाताएवढ्या जागेत तो तिरकं, हलकं खरवडत गेला, तसा चुना पायऱ्यापायऱ्यांनी उलगडला. डोळ्याला भिंग लावून तो पुटपुटत मोजू लागला. पंख्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. खिडकीतल्या उन्हात चुन्याची पूड तरंगत होती, खाली यायची तिला घाई नव्हती.

रंभाबाई जवळ सरकली. एकेक साल तिथे पापुद्र्यासारखं निजलं होतं. हे लेकीच्या पाळण्याचं. हे नवरा गेला त्याचं. तेव्हाही तिने बादली उचलली होती. आणि हा आकाशी थर! लग्न होऊन आलेल्या रंभाला मोठ्यांनी चुन्यात चिमूटभर नीळ टाकायला सांगितली, तिने अख्खी पुडी रिकामी केली. वर्षभर माणसं पाण्याखाली बसल्यासारखी पेपर वाचत होती. कोणी रागावलं नाही. एक म्हातारा तर म्हणाला होता, सूनबाई, इथे झोप छान लागते. तो म्हातारा आत्ताही तिथेच, त्या थरात, मान टाकून डुलकी घेत असावा असं तिला वाटलं.

"अडुसष्ट," केदार म्हणाला.

"दोन कमी भरले, आत्या!" प्रशांत कळवळला.

"करोनाच्या दोन एप्रिलांत कोण आलं होतं रे रंगवायला? तू?"

केदार हसला. "बरोबर जुळतं. मी संरक्षणाची शिफारस करतो. पण मावशी, ह्या हमीपत्रावर सही लागेल. सही झाली की परवानगीशिवाय भिंतीला काही लावायचं नाही. चुनासुद्धा नाही."

प्रशांतने आनंदाने पेन पुढे केलं. रंभाबाईने ते घेतलं नाही. तिने पिंपाकडे पाहिलं, मग रंगवायला दारात जमलेल्या नऊ माणसांकडे. दोघं आधीच सटकायच्या बेतात होती.

"म्हणजे माझी सही होईपर्यंत चालतं?"

"तसं... हो."

"मग सही चार वाजता. तुम्ही चहा घ्या. पुढल्या सालच्या परवानगीचा अर्जही आजच घेऊन जा. प्रशांत, कुंचला उचल. साहेबांनी कोरलंय तेवढं सोडून."

केदारने घड्याळाकडे बघितलं, आणि बाही खाली ओढून ते झाकलं.

ओला चुना भिंतीवर पाण्यासारखा पसरला. अजून काही दिसत नव्हता. वाळता वाळता पांढरा होणार होता.