वाकडी ओस्ती

"मनान घेवक सांगतत फादर?" मांयने खाटेवरूनच विचारलं. "मनान पेज जेवान बघ गो फिलू. पोट भरला तर माका सांग."

फिलोमिनने मोबाइलवर हात धरला, पण फादरना ऐकू गेलंच. ते कसंनुसं हसले. "वाडी सील आहे, पोलिस मला पुलावरूनच परत पाठवतात. काल दोनदा येऊन गेलो. तुमच्या सासूबाईंना सांगा, मनापासून इच्छा केली तरी प्रभू येतो."

मुंबईहून आलेल्या एकाला ताप निघाला आणि वाडीच्या तोंडाशी बांबू बांधले गेले, त्याला नऊ दिवस झाले होते. मांयच्या घशाखाली पेजेचं पाणी उतरेनासं झालं, त्याला चार. आरोग्यसेविका दारातूनच म्हणाली होती, "कोरोना नाही हो, वय आहे." मांयला आता एकच हवं होतं. जाण्याआधी जिभेवर ओस्ती.

आणि चर्चच्या ओस्ती तर या घरातच भाजल्या जात. फादर मिस्सेत ज्यांच्यावर प्रभूचे शब्द उच्चारतात, त्या पातळ गोल चकत्या. लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा, आत खुरीस, म्हणजे क्रूस, कोरलेला. गव्हाचं पीठ, पाणी, मिठाचा खडासुद्धा नाही. चिमटा मिटायचा, एक 'नमान मारिये' म्हणायची, की झाली. हे मोजमाप मांयनेच शिकवलेलं, फिलोमिन लग्न होऊन आली त्या वर्षी. प्रार्थना घाईत उरकली तर ओस्ती कच्ची राहायची. मग मांय म्हणायची, "मारियेक फसयलंस मां? बघ आता."

चर्च बंद, म्हणून डबा भरलेला तसाच चुलीवरच्या फळीवर होता. पण फादरच्या शब्दांवाचून त्यात नुसतं पीठच.

शेजारच्या यशोदाने कुंपणावरून शहाळं दिलं. "देवन टाक गो त्यातली एक. म्हातारेक काय कळता? माझ्या सासऱ्याक आम्ही बोअरिंगचा पाणी गंगा म्हणान पाजला. सुखान गेले."

 सकाळभर फिलोमिन फळीकडे पाठ करून वावरली.

दुपारी मांयचा श्वास घरघरू लागला.

"फिलू, फादर इले?"

"नाय गो मांय. पण ओस्ती धाडल्यानी."

शब्द तोंडातून गेलेच. मांयचे मोतीबिंदूचे डोळे उजळले. तिने कपाळावर, छातीवर खुरीस काढला, फिलोमिनकडून डोक्यावर पदर ओढून घेतला आणि तोंड उघडलं. घरट्यातल्या पिलासारखं.

फिलोमिनने ओस्ती ओठांशी नेली. मांय थांबली होती. 'ख्रिस्ताचं शरीर.' एवढे दोन शब्द कुणीतरी म्हणायचे, मग आपण 'आमेन' म्हणायचं, मग जिभेवर. ओस्तीची कड खालच्या ओठाला लागून भिजली.

"उलय गो."

फिलोमिनला ते दोन शब्द उलवेनात.

मांयने हळूच तोंड मिटलं. चाचपडत ओस्ती हातात घेतली, नाकाशी नेली.

"आपल्या चिमट्याची," ती म्हणाली. "बरी भाजलंस."

मग फिलोमिनचा ओला गाल चाचपून म्हणाली, "रडां नको. खोटा बोललंस ता बोललंस. पण ते शब्द उलवूक नायस, ता बरा केलंस. डब्यात दवर. फादर इले काय घेतंय."

दिवेलागणीआधी ती गेली. वाडीच्याच दफनभूमीत पाच माणसं जमली. फादरची प्रार्थना मोबाइलवरून झाली, मधेच रेंज गेली. यशोदाने लांबूनच अबोलीचा गुंफलेला वळेसर टाकला.

नोव्हेंबरात चर्च उघडलं. फिलोमिनने ताज्या ओस्ती नेल्या. मिस्सेआधी फादर त्या वाटीत ओतत होते.

"ही एक वाकडी आहे. काढू?"

"ऱ्हवांदेत, फादर. ती आमच्या मांयची."

फादरनी मास्कवरून एकदा तिच्याकडे पाहिलं. मग ती वाटीत सरकवली.

ओस्ती आता जिभेवर देत नव्हते, हातावर. तिची पाळी आली तेव्हा फादरची बोटं वाटीत जरा रेंगाळली. तळहातावर आली ती भिजून वाळलेल्या, मुडपलेल्या कडेचीच.

"ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," फिलोमिन म्हणाली.

मागे चुन्याच्या गोलांत रांग ताटकळली होती. फिलोमिन जागची हलली नाही.

"आमेन," तिने पुन्हा म्हटलं, मांय म्हणायची तसं, शेवट लांबवून. मग मास्क खाली ओढला.