मातीची हाडं

पुंडलिक सरांना सापळा मिळाला नाही तो नाहीच. कन्नड मुलखातल्या केलगेरीच्या त्या मराठी शाळेत खडूची मारामार, तिथं माणसाचा सापळा कोण आणून देणार? भिंतीवर टांगायचा एक तक्ता तेवढा होता, तोही उंदरांनी कुरतडलेला. पण सर हटणारे नव्हते. ज्येष्ठातल्या अमावास्येला तिकडं पुजायचे मातीचे बैल करण्यात सातवीतल्या शांताचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. सरांनी तिलाच पकडलं. "बैल पुरे झाले, पोरी. आता माणूस कर."

तळ्याची चिकणमाती आली आणि तक्त्यात बघून शांता हाडं वळायला बसली. तिची आई भीमाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बया, हाडं कसली करतीस घरात!" मग हाडं शाळेतच वाळली. सरांनी तक्ता समोर धरून एकेका हाडावर खडूनं लिहिलं, डावं, उजवं. पोरीला पाठ झाल्यावर ते पुसूनही टाकलं. शांता आणि तिच्या जोडीचा आनंदा डोळे मिटून, नुसतं चाचपून हाड ओळखायला लागले.

सरांची एवढी धडपड शांतासाठी होती. तिचा बाप दगडू तारिहाळच्या कारखान्यात हमाल. सातवी झाली की पोरीला आईबरोबर मिरचीचे देठ मोडायला धाडायचं, हे त्याचं ठरलेलं. सरांनी त्याच्या दारात बसून बसून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की विज्ञान स्पर्धेत नंबर आला तर हायस्कूल. "आला तर हं, सर," दगडू म्हणाला होता. "मग मी शब्द फिरवणार न्हाई."

स्पर्धा नवनगरच्या एका शाळेत होती. दगडू रजा टाकून, इस्त्रीचा सदरा घालून सरांच्या पुढच्याच रांगेत बसला. टेबलावर खरीखुरी हाडं; ती जुळवून माणूस मांडायचा आणि विचारलेलं हाड ओळखायचं. बोलायचं कन्नडात, त्याची सरांना धास्ती. पण कन्नड अडखळायचं ते सरांचं, पोरीचं कशाला अडखळेल? ती तर भांडायचीसुद्धा कन्नडात! आनंदा एकेक हाड देत गेला आणि शांता भराभर मांडत गेली. डोक्यापासून पायापर्यंत माणूस उताणा तयार. सर खूश.

परीक्षकांनी मांडीच्या हाडावर बोट ठेवलं. "हे कुठल्या पायाचं?"

"डाव्या."

"नीट बघ, बाळ."

"डाव्याच," शांता ठासून म्हणाली.

शेजारच्या टेबलावरच्या मुलानं तेच हाड उजवं म्हणून सांगितलं. चुकलं कार्टं, सर मनात म्हणाले. तेवढ्यात दगडू मागं वळला आणि खुशीत उजवा हात उंचावून दाखवला. तो हात सरांच्या डाव्या बाजूला होता.

अरे देवा! तक्त्यातला माणूससुद्धा असाच आपल्याकडं तोंड करून उभा. त्याचं उजवं ते सरांनी डावं म्हणून लिहिलं, आणि पोरीनं ते पाढ्यासारखं घोकलं. मास्तर मध्ये बोलला तर शाळा बाद, असा नियम. सर तोंडावर रुमाल दाबून बसले. परीक्षक एकेक हाड विचारत होते आणि शांता छातीठोकपणे चुकत होती. मांडी, नडगी, दंड, सगळं उलटं. सरांना रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

नंबर आला नाही. बाहेर कडुलिंबाखाली सरांनी दगडूला गाठलं. "दगडूअण्णा, चूक माझी. मीच तिला उलटं शिकवलं. तिनं तेच सांगितलं."

दगडूनं पोरीकडं बघितलं. "व्हय गं?"

दुसऱ्या शाळांचे मास्तर कान देऊन उभे होते. शांतानं त्यांच्याकडं बघितलं, मग सरांच्या तोंडाकडं. "न्हाई अप्पा. सरांनी बरोबरच शिकवलं. मीच घाबरले."

"शांते, खोटं बोलू नको!" सर ओरडलेच. "अण्णा, आईशपथ सांगतो, माझीच चूक!"

दगडूनं हसून त्यांचे दोन्ही हात धरले. "सर, तुम्ही देवमाणूस. पोरीची चूक अंगावर घेता. मला कळत न्हाई व्हय? लई केलंसा तिच्यासाठी. सातवी सरलीच आता, सोमवारपासनं जाईल ती आईबरोबर." मग तो शांताला म्हणाला, "पाया पड सरांच्या."

शांता वाकली. दगडूनं हात धरून ठेवलेले, सरांना मागंही सरता येईना.