भाच्याचा तिसरा हक्क

आमचे हे कझाकस्तानातल्या तराज गावच्या शाळेत भूगोलाचे मास्तर होते. सगळ्या जगाच्या सरहद्दी मुलांना पाठ करायला लावल्या, आणि निवृत्त झाल्यावर घरातलं एक टेबल काही त्यांना आवरेना. टेबलावर टपाल तिकिटं होती. चाळीस वर्षांत जमवलेली, पाकिटांत, काड्यापेट्यांत, बिस्किटांच्या डब्यात कोंबलेली. मुलीने वाढदिवसाला सहा कोरे अल्बम पाठवले आणि माझं नशीब फुटलं. जेवायला बसायचं कुठे, हा प्रश्न मी चार महिने विचारत होते.

आधी ठरलं की देशाप्रमाणे लावायची. पहिल्याच दिवशी सोव्हिएत तिकिटांपाशी गाडी अडली.

"ही आपल्यात घालू की परक्यांत?" यांनी मला विचारलं.

"आपल्यातच घाला की. आपण त्याच देशात जन्मलो ना?"

"मग रशिया परका कसा? उझबेकिस्तान परका कसा? सगळेच आपले झाले तर परक्यांच्या अल्बममध्ये घालू काय?"

"मग परक्यांत घाला."

"म्हणजे मी परदेशात जन्मलो?" असं म्हणून हे रुसून अंगणात जाऊन बसले.

मग विषयाप्रमाणे. घोडे एकीकडे, फुलं एकीकडे, अंतराळ एकीकडे. त्यात अंतराळात गेलेल्या कुत्रीचं तिकीट निघालं. ती प्राण्यांत जाणार की अंतराळात, यावर तीन दिवस गेले. मी म्हटलं, रंगाप्रमाणे लावा, दिसायला तरी बरं दिसेल. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

असं सगळं चाललेलं असताना कुआंदिकचा फोन आला. कुआंदिक म्हणजे यांच्या बहिणीचा मुलगा, शिमकेंत शहरातला टायरवाला. आमच्यात बहिणीच्या मुलाला मामाच्या घरातली हवी ती चीज मागायचा हक्क असतो, जन्मात तीनदा. मामाने नाही म्हणायचं नसतं. भाच्यावर हात उगारला तर हात जन्मभर कापत राहतो म्हणतात, आणि नाही म्हणणं म्हणजे हात उगारण्यासारखंच. कुआंदिकने पहिल्या हक्कात यांची सायकल नेली होती. दुसऱ्या हक्कात, स्वतःच्या लग्नात, आमच्या भिंतीवरचा गालिचा नेला. तिसरा हक्क त्याने ठेवून दिला होता आणि तो शिल्लक आहे हे दर सणाला हसत हसत ऐकवायचा.

फोनवर म्हणाला, "मामा, तुमच्याकडचा तो जुना ठेवा आहे ना अजून? जपून ठेवा हं. शनिवारी येतोय."

यांनी फोन खाली ठेवला आणि तोंड पांढरं पडलं. "तिकिटं," म्हणाले. "म्हातारे, हा तिकिटं न्यायला येतोय."

"सगळी?"

"तोच तर प्रश्न आहे!"

लगेच टोपी चढवून शेजारच्या तोलेगेनआजोबांकडे गेले. चालीरीतींचा काही पेच पडला की सगळी गल्ली त्यांच्याकडेच जाते. आजोबांनी दाढी कुरवाळत निकाल दिला, की घोडा ही एक चीज आहे, घोड्यांचा कळप ही एक चीज नव्हे. भाचा कळप मागू शकत नाही. हे परत आले ते उड्या मारतच. म्हणजे एक अल्बम हा घोडा आणि अख्खा संग्रह हा कळप. कुआंदिक फार तर एक अल्बम नेईल.

आणि काय सांगू, चार महिन्यांत जे जमलं नव्हतं ते एका दिवसात जमलं. ना देश, ना विषय, ना साल. कुठला अल्बम गेला तर किती दुखेल, या हिशोबाने तिकिटं लागली. लाल कातडी अल्बम सगळ्यांत देखणा, त्यात सगळी भपकेबाज भरताड गेली. हातभर लांब फुलपाखरं, तिकोनी मासे, सोनेरी कडांचे राजेराण्या, ज्यांनी कधी एक पत्रही कुठे पोहोचवलं नाही. आणि जिवाचा तुकडा होता तो गेला निळ्या अल्बममध्ये. झारच्या काळातली बोटाच्या पेराएवढी मळकी तिकिटं, आणि त्यांच्यावर 'औलिए-अता' असा शिक्का. आमच्या गावाचं ते जुनं नाव. आपल्या गावाच्या पोस्टातून गेलेलं एकेक पत्र यांनी कुठून कुठून शोधलं होतं. तो अल्बम वाईट दिसावा म्हणून हे स्वतः त्याचा कोपरा चुलीच्या पत्र्यावर घासत बसले.

"भाच्याला मामा बनवताय," मी म्हटलं.

"तू गप्प बस. लाल अल्बम समोरच ठेव, चहाच्या समोवारशेजारी."

शनिवारी कुआंदिक आला. पोट सुटलेलं, गाडी नवी. शेवया-मांसाचं बेशबरमाक खाल्लं, घोड्याच्या मांसाची काझी मागून मागून खाल्ली, माझ्या तळलेल्या बाउरसाकांची तारीफ केली. यांनी घासही नीट घेतला नाही. नजर लाल अल्बमवरून कुआंदिकवर आणि कुआंदिकवरून लाल अल्बमवर. कुआंदिकने तोच अल्बम बाजूला सरकवून तिथे चहाची वाटी ठेवली.

"मामा, माझा तिसरा हक्क."

"बोल," हे म्हणाले.

"आजोबांचं खोगीर. चांदीच्या पट्ट्यांचं. आहे ना अजून शेडमध्ये? मी हॉटेल काढतोय, त्याच्या भिंतीवर लावीन म्हणतो. गिऱ्हाइकांना असलं जुनं फार आवडतं."

"ने!" हे ओरडलेच. "ने ने, आत्ताच ने!"

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. सासऱ्यांचं खोगीर. सासरे त्यावर बसून मला मागणी घालायला आले होते. घरात चांदी म्हणावी अशी ती एकच वस्तू, आणि ती यांनी अशी देऊन टाकली की जणू पावसाने ओली झालेली छत्री. पण हक्क तो हक्क.

कुआंदिक खोगीर गाडीत ठेवून हात धुऊन आला. यांचा चेहरा क्षणभर उजळला होता, तो हळूहळू उतरत चालला.

"एवढंच?" यांनी विचारलं.

"एवढंच म्हणजे, मामा?"

"नाही, मला वाटलं... तिकिटं मागशील."

"कसली तिकिटं? ओ, हां, तुमची ती! अजून आहेत का?"

त्याने मुद्दाम नाही विचारलं. खरंच विसरला होता, बिचारा. पण ते मलाच लागलं, मग यांना किती लागलं असेल?

हे उठले. मला वाटलं, लाल अल्बम उघडतील. पण हे सरळ कपाटाशी गेले, निळा काढला आणि भाच्याच्या मांडीवर ठेवला. "हे बघ. औलिए-अता. वाच, वाच शिक्का. तुझा पणजोबा होता तेव्हाचं पत्र हे. हे दुसरं बघ, ह्यात शाई अर्धीच उठलीय, त्या दिवशी पोस्टात थंडीने शाई गोठली असणार."

"हं," कुआंदिक म्हणाला. "मळकी फार झालीत, नाही?" त्याने फोन काढून एका पानाचा फोटो घेतला, मामाचं मन राखायला.

"एक घेऊन जा. हक्कातलं नाही. माझ्याकडून दिलं म्हण."

"नको मामा, नको. तुमची करमणूक जाईल."

करमणूक! चाळीस वर्षं या कागदाच्या चिटोऱ्यांना मी शिव्या घातल्या, पण त्या क्षणी मला कुआंदिकच्या तोंडात द्यावीशी वाटली. हात जन्मभर थरथरला असता तर थरथरला असता.

गाडी गेली. हे टेबलाशी बसले. सहाही अल्बम मिटलेले, एकावर एक. चहा पुढे केला तर नको म्हणाले.

"म्हातारे," हे म्हणाले, "कोणी न्यायला आलं तर काय, याचीच मला भीती होती. कोणी येणारच नाही, हे डोक्यातच आलं नाही."

माणूस चाळीस वर्षं जे जपत आला, ते फुकट द्यायला गेला आणि कोणी घेतलं नाही. मी हात पुसले आणि निळा अल्बम माझ्याकडे ओढला.

"हा मला द्या."

"तुला?" त्यांनी मान वर केली. "तुला काय करायचाय?"

"मला हवाय. माझा काही हक्क नाही का? चार महिने जेवण टेबलाच्या कडेला वाढलंय मी."

"म्हातारे, त्याला असं धरतात? तेलकट हात!"

"धुतलेत."

"सोड. सोड म्हणतो ना! पान दुमडेल." त्यांनी माझ्या हातून अल्बम हिसकावून घेतला, बाहीने वरची बाजू पुसली आणि छातीशी धरला. "हा नाही. बाकीचा कुठलाही माग, हा कुणाला मिळणार नाही. तुला तर मुळीच नाही."

गालांवर रंग आला होता. दुसऱ्या हाताने तिकिटांचा चिमटा शोधत होते.

मी पुन्हा एकदा मागितला. हे पुन्हा नाही म्हणाले, या वेळी आणखी मोठ्याने.