गालिच्याची पावणी

मी गालिचा बोलतोय. वेंगुर्ल्याच्या बंदरावर ‘समुद्रदर्शन लॉजिंग बोर्डिंग’ आहे, तिथल्या दिवाणखान्यातला. तुम्ही कधीतरी माझ्यावर बसून गेला असाल, निदान चपला तरी पुसल्या असतील. मी आठवत नसेन तर हरकत नाही. ज्याच्यावर बसायचं त्याच्याकडे बघायची पद्धत आपल्याकडे अजून आलेली नाही.

माझा जन्म घाटावरच्या एका तुरुंगात झाला. यात मला लाज वाटत नाही. मला विणणारा चोरीसाठी आत होता, पण माझ्यातला एक धागाही त्याने चोरला नाही. लाल जमिनीवर त्याने निळा मोर विणायला घेतला. पाय झाले, पिसारा झाला, मान झाली आणि तुरा यायच्या आधीच त्याची सुटका झाली. उरलेलं काम दुसऱ्या कैद्याला दिलं. त्याने आयुष्यात मोर पाहिला नव्हता. म्हणून माझ्या मोराला तुरा आहे तो कोंबड्याचा.

पुढे वीस वर्षं मी एका साहेबाच्या बंगल्यात काढली. साहेब विलायतेला गेला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला आणि १९५१ साली गुरुदास शेटांनी मला बैलगाडीत घालून लॉजवर आणलं. लॉजवर गालिचा असणारा वेंगुर्ल्यात मी एकटाच, असं ते येईल त्याला सांगत. मला धुवावं लागतं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

अकरा वर्षं! अकरा वर्षांत माझ्यावर काय काय सांडलं ते सांगत बसलो तर तुम्हाला दुपारचं जेवण जाणार नाही. बंदरावरची वाळू, तंबाखू, बांगड्याचे काटे, एका वकिलाचं खोकल्याचं औषध. आमच्याकडे झाडू माझ्यावरून फिरायचा आणि कचरा माझ्याखाली जायचा. झाकलेला कचरा गुरुदास शेटांच्या लेखी नसल्यासारखाच. पुष्कळ मोठमोठी कार्यालयंही अशीच चालतात म्हणे, पण त्याबद्दल मी बोलणार नाही. मी गालिचा आहे.

गोवा मोकळा होऊन चार महिने झाले होते. रेडीच्या खाणीवर नवे मॅनेजर आले होते, प्रधानसाहेब. ते खोल्या बघायला लॉजवर आले, माझ्यावर पाऊल ठेवलं आणि सतरा वेळा शिंकले. मी मोजत होतो.

“गुरुदास शेट,” नाक पुसत ते म्हणाले, “हा गालिचा आहे की शेत? दोन खोल्या मी वर्षभरासाठी घेतो. पण पंधरा दिवसांत हे धुऊन ठेवा. नाहीतर मी सरकारी बंगल्यावर उतरेन.”

वर्षभराच्या दोन खोल्या! शेटांनी त्याच दिवशी काशीबाईला बोलावलं.

काशीबाई म्हणजे बंदरावर शिडं धुणारी. मचव्याचं शीड धुवायचं, सालीच्या काढ्यात भिजवायचं, सुकवायचं, हे काम तिने तीस वर्षं केलं होतं. पण त्या सुमाराला मचव्यांवर इंजिनं बसायला लागली होती, आणि इंजिनाला शीड लागत नाही. आदल्या वर्षी तिच्याकडे बावीस शिडं आली होती, त्या वर्षी सहा. तिला माझी गरज होती. तिची मला किती होती, ते मला अजून कळायचं होतं.

तिने माझा मोर पाहिलाच नाही. सरळ कोपरा उलटा केला आणि म्हणाली, “शेटांनू, सूप हाडा.”

सूप आलं. तिने कोपरा त्यावर धरून काठीचे तीन तडाखे दिले. अर्धं सूप वाळूने भरलं. शेट सुपाकडे असे बघत राहिले, जणू वाळू तिनेच पदरातून आणली होती. मग तिने मला हाताने मोजलं, आठ हात लांब, पाच हात रुंद. मग पांढरं फडकं ओलं करून माझ्या लाल रंगावर दाबून धरलं. फडकं गुलाबी झालं.

“ह्यो रंग सोडता,” ती म्हणाली. “गोड्या पाण्यातच धुवूचो लागतलो. खाऱ्या पाण्यात घातल्यास तर मेलो म्हणान समज. रिठे माझे, पाणी तुझ्या बावीचा. चार बायको माणसा, तीन दीस. वीस रुपये.”

“वीस? अगो काशीबाय, वीस रुपयांत लुगडा येता!”

“मगे लुगडा हातर आणि बसय त्याच्यार तुझ्या सायबाक.”

तिने शेटांना लहानपणी उघडं फिरताना पाहिलेलं होतं, त्यामुळे ‘शेटांनू’चं ‘तू’ व्हायला तिला वेळ लागत नसे.

जायच्या आधी तिने रिठ्याचं पाणी आणि नारळाच्या सालीचं सोडण घेऊन माझ्या मोराचं डोकं तेवढं धुतलं. वीतभर जागा. त्याचे पैसे मागितले नाहीत. “बग आणि ठरय,” एवढंच म्हणाली.

वीतभर जागेने मोठी पंचाईत केली. तोवर सगळ्यांना वाटत होतं की मी मुळातच तपकिरी आहे. आता तपकिरी चिखलातून निळ्या मोराचं डोकं वर आलेलं आणि त्यावर लालभडक कोंबड्याचा तुरा. जो येई तो त्या डोक्याकडे बघे, मग उरलेल्या माझ्याकडे बघे, मग शेटांकडे बघे.

कोणताही शहाणा माणूस इथे वीस रुपये मोजून मोकळा झाला असता. शेटांना त्याऐवजी युक्ती सुचली. त्यांनी पावणी लावली.

पावणी तुम्हाला ठाऊक असेलच. जत्रेत देवापुढचं फळ, नारळ पुकारून विकतात. आमच्याकडे पुकारायचं काम गणपतचं, तो पुकारतो, लोक चढाओढीने आकडा वाढवतात, ज्याचा आकडा मोठा त्याचा मान. भिकाजी मांडववाला आणि दाजी इस्त्रीवाला यांच्या दोन वाड्यांत ही चढाओढ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. सव्वा रुपयाचा केळ्यांचा घड मागच्या जत्रेत दोघांनी सदतीस रुपयांवर नेला होता, आणि भिकाजीने तो घड सडेपर्यंत दारावर टांगून ठेवला होता.

लॉजच्या अंगणात मला पसरलं. पन्नास माणसं जमली. शेट म्हणाले, “आज पावणी उलटी आसा. धुवूची मजुरी जो कमी सांगतलो, तेका काम. समाजला मां?”

“समाजला!” सगळे म्हणाले.

“वीस,” काशीबाई म्हणाली.

“पंधरा!” दाजी.

“बारा!” भिकाजी.

गणपत रिवाजाप्रमाणे वळला. “काशीबाय?”

“वीस.”

लोक हसले. आकडा दहावर आला, सातावर आला, तीनावर आला. प्रत्येक वेळी गणपत विचारी, “काशीबाय?” आणि प्रत्येक वेळी ती म्हणे, “वीस.” जणू तिला वेळ विचारत होते आणि तिच्या घड्याळात वीसच वाजले होते.

“एक रुपयो!” दाजी ओरडला.

“फुकट!” भिकाजी ओरडला.

फुकटाच्या खाली काय असतं ते कुणालाच माहीत नव्हतं. इतक्यात दाजीच्या वाडीच्या माणसांतून आवाज आला, “दाजीनू, वाडीचो मान गेलो हां!”

दाजीने सोगा सावरला. “मी शेटांका दोन रुपये दितंय!”

“पाच दितंय!”

“सात!”

आता आकडा वर चढू लागला आणि माणसांच्या जिवात जीव आला. हीच ती ओळखीची पावणी! टाळ्या पडू लागल्या, गणपतला कंठ फुटला. भिकाजी “अकरा” म्हणाला तेव्हा दाजीने मान खाली घातली. एक वार, दोन वार, तीन वार. भिकाजीने छाती काढून शेटांच्या हातावर अकरा रुपये ठेवले. तीन दिवस राबण्याची संधी मिळावी म्हणून एका प्रौढ माणसाने पदरचे अकरा रुपये मोजले, आणि पन्नास माणसांत एकालाही यात काही गैर दिसलं नाही. हे छापून आलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, दारूबंदी असूनही बातमीदाराला कुठेतरी मिळालेली दिसते.

काशीबाई उठली. “गुरुदासा, अकरा रुपये देवन तो तुझो गालिचो धुतलो, ह्यां तुका पटला? न्हानपणी तू बरो शाणो होतंस रे.”

ती गेली. तिच्या पाठीकडे बघताना मला पहिल्यांदा भीती वाटली.

भिकाजी मूर्ख नव्हता, एवढं त्याच्या बाजूने सांगतो. मांडववाल्याच्या हातात दहा-बारा दिवस गालिचा आला होता. उभादांड्याच्या एका लग्नात त्याने मला भाड्याने घातलं. शिरोड्याच्या एका मुंजीत घातलं. मग एका पुढाऱ्याच्या सत्काराला नेलं. पुढारी माझ्यावर उभे राहून पाऊण तास स्वच्छतेवर बोलले. त्यांच्या चपलांना शेण होतं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी भिकाजीला आठवलं की मला धुवायचंही आहे. त्याने माझ्या एका कोपऱ्याला काथ्याची दोरी गाठ मारून बांधली, दुसरं टोक मेव्हण्याच्या मचव्याला, आणि मला धक्क्यापासून खाडीच्या तोंडापर्यंत आणि परत, असं समुद्रातून फरफटत नेलं. मग खडकावर उन्हात टाकलं. हीच माझी धुलाई.

वरून मी छान दिसत होतो. शेट खूष झाले. प्रधानसाहेब आले, त्यांनी बूट काढले, पांढरे मोजे घातलेल्या पायांनी माझ्यावर फेऱ्या मारल्या आणि एकदाही शिंकले नाहीत. पण माझ्या पोटात मीठ होतं. मीठ हवेतलं पाणी ओढतं. मी आतून ओला होतो, आणि ओला झालो की मी रंग सोडतो. साहेब दाराशी ठेवलेल्या बुटांकडे निघाले तेव्हा लॉजच्या पांढऱ्या फरशीवर त्यांच्यामागून लाल पावलं उमटत गेली.

“सायबांनू, पायाक लागला की काय?” शेट किंचाळले.

साहेबांनी पाय वर करून पाहिला, मग वाकून मला हुंगलं. “शेट, शेत होतं ते बरं होतं. आता हे सुकटीचं दुकान झालंय.” आणि ते सरकारी बंगल्यावर निघून गेले.

त्याच संध्याकाळी गुरुदास शेट काशीबाईच्या दारात होते. मला खांद्यावर टाकून स्वतः नेलं होतं, एवढी वेळ आली होती. तिने माझा कोपरा चिमटीत धरला, बोट जिभेला लावलं.

“चाळीस.”

“अगो, तेव्हा वीस म्हणालंस!”

“तेव्हा नुसतो मळ होतो. आता मळ आणि भिकाजी, दोनी काढूचे आसत.”

शेटांनी मान डोलावली.

तिने मला सात पाण्यांतून काढलं. प्रत्येक वेळी पिळलेल्या पाण्याचा थेंब जिभेवर घ्यायची. “अजून खारट.” पुन्हा विहिरीचं गोडं पाणी. “अजून.” सातव्यांदा म्हणाली, “आता पाणी पाण्यासारख्या लागता.” माझं पाणी चाखून बघणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मग रिठे, मग सोडण, मग काजीच्या सावलीत चार दिवस. दोरीच्या विरुद्ध टोकाची वीण फरफटताना खालून झिजली होती, ती कापून तिने कड शिवून दिली. आठ हातांचा मी सहा हातांचा झालो.

“बाकीचो बरो झालो,” ती शेटांना म्हणाली. “फकत ह्यो कोपरो. हय त्या मेल्यान दोरी बांधल्यान, गाठीत मीठ रवला. हेच्यार पाणी सांडलास तर अजून रंग सोडतलो.”

प्रधानसाहेब परत आले, राहिले, वर्ष गेलं. गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, “हा कुणी धुतला? रेडीला कंपनीच्या बंगल्यात सहा गालिचे आहेत. दर वर्षी धुवायचे. त्या माणसालाच देतो.”

सहा गालिचे, दर वर्षी. आता बंदरात दोनच शिडं उरली आहेत. काशीबाईचं म्हातारपण त्या सहा गालिच्यांवर निभावलं असतं, आणि शेटांना फक्त एक नाव घ्यायचं होतं.

शेट म्हणाले, “साहेब, घाई कशाला? पावणी करू. स्वस्तात पडेल.”

मी त्यांचा चेहरा खालून पाहत होतो. त्यांना भिकाजीचे अकरा रुपये आठवत होते. माझे गेलेले दोन हात आठवत नव्हते. या माणसांचं काय करावं? आपण स्वस्त माणूस आणतो, तो नासधूस करतो, मग दुप्पट देऊन ती निस्तरतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारतो, “काय, कोण स्वस्त आहे?”

आज ती पावणी आहे. मी अंगणात पसरलेला आहे. मला पसरायला काशीबाई स्वतः आली होती, सकाळीच. मला सरळ अंथरलं, मग थोडा विचार केला आणि उचलून उलट्या बाजूने फिरवलं. तो गाठीचा कोपरा अंगणातल्या खांबाशी आला. पावणीला भिकाजी नेहमी खांबाला टेकून बसतो. मग तिने त्या कोपऱ्यावर एक तांब्या पाणी ओतलं, हाताने थोपटून चांगलं मुरवलं, वर सुकं फडकं फिरवलं, आणि जरा थांब म्हणावं तशी मला म्हणाली, “रव हां वायच.”

आता माणसं जमली आहेत. प्रधानसाहेब खुर्चीवर बसले आहेत. दाजी आलाय. गणपत घसा खाकरतोय. काशीबाई दाराशी बसली आहे आणि तिने आपला भाव आधीच सांगून टाकलाय: “गालिच्याक वीस. भिकाजीन आधी धुतलेलो आसात तर चाळीस.”

मी कुणाकडे कधी काही मागितलं नाही. एकच मागतो. माझे सहा भाऊबंद रेडीला पडून आहेत, त्यांना धुणारा नेमण्याआधी त्याने पूर्वी धुतलेल्या गालिच्यावर त्याला थोडा वेळ बसवा. मग उभं राहायला सांगा, आणि सगळ्यांनी मागून बघा.

तो पाहा, भिकाजी आला. कडक खळ घातलेलं नवंकोरं पांढरं धोतर नेसून आलाय.

या, भिकाजीशेट. बसा. खांबाला टेकून, ऐसपैस बसा. तुमचीच जागा आहे ती. उठायची मुळीच घाई करू नका.